ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट दोन्हींची मुदत संपली आहे, अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज करता येईल का?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंनी हा प्रश्न विचारला आहे. थोडक्यात त्यांची हकीकत अशी. २०१५ साली नोकरीच्या आधारावर त्यांना ग्रीन कार्ड मिळालं. त्याची दहा वर्षांची मुदत पाच महिन्यांपूर्वी संपली. भारतीय पासपोर्ट मागच्या वर्षीच संपला होता, तो रिन्यू करायचा राहून गेला. पती तीन वर्षांपूर्वी सिटिझन झाले, पण त्या वेळी भारतीय पासपोर्ट सोडायला ताईंचं मन तयार नव्हतं. मुलगी पुण्यात जन्मलेली, आता सोळा वर्षांची, तिचंही कार्ड ताईंच्या कार्डाबरोबरच संपलं. सासूबाई ७२ वर्षांच्या. मोठ्या नणंदेनं स्पॉन्सर केल्यामुळे त्या २००४ पासून ग्रीन कार्डावर आहेत, त्यांचं कार्ड चार महिन्यांनी संपेल आणि त्यांना इंग्रजी येत नाही. ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं की मुदत संपलेल्या कागदांवर अर्ज केला तर तो फेटाळला जातो, म्हणून आधी सगळ्यांची कार्डं आणि पासपोर्ट रिन्यू करा आणि मगच सिटिझनशिपचं बघा. ताईंचा प्रश्न आहे की हे खरं का?

ताई, हे खरं नाही. तुम्ही कार्ड रिन्यू न करता थेट एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरू शकता. सासूबाईंनाही तोच रस्ता मोकळा आहे, फक्त त्यांच्या बाबतीत एक गोष्ट तपासायला हवी, ती शेवटी सांगतो. मुलीचं कार्ड रिन्यूही करू नका आणि तिच्यासाठी एन-४०० सुद्धा भरू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती तीन वर्षांपासून अमेरिकन नागरिक आहे.

आता एकेक गोष्ट नीट बघू. तुमचं कार्ड हातात घ्या. पुढच्या बाजूला फोटोशेजारी नाव, नंबर, कॅटेगरी, जन्मदेश आणि जन्मतारीख दिसेल. त्याखाली दोन तारखा आहेत. एक ‘कार्ड एक्स्पायर्स’ची आणि दुसरी ‘रेसिडेंट सिन्स’ची. घाबरून लोक पहिली तारीख बघत बसतात, पण नागरिकत्वासाठी कामाची आहे ती दुसरी. ‘रेसिडेंट सिन्स’च्या तारखेपासून पाच वर्षं मोजायची, आणि ती पुरी व्हायच्या आधी ९० दिवसांपासून अर्ज करता येतो. तुमची ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे. ‘कार्ड एक्स्पायर्स’ ही फक्त त्या प्लॅस्टिकच्या कार्डाची तारीख. फोटो जुना होतो, बोटांचे ठसे नव्यानं घ्यावे लागतात, कार्डाची रचना बदलते, म्हणून दहा वर्षांनी कार्ड बदलायला सांगतात. तुमचा इथे कायम राहण्याचा हक्क त्या तारखेला संपत नाही. तो जातो तो इमिग्रेशन न्यायाधीशानं तसा आदेश दिला तर, तुम्ही स्वतः तो सोडलात तर, किंवा देशाबाहेर इतकं राहिलात की तो सोडल्यात जमा धरला गेला तर. सिटिझन झालात की त्याची गरजच उरत नाही. १९८० च्या आसपास इथे आलेल्या आपल्या कितीतरी मंडळींकडे ज्यांवर संपण्याची तारीखच छापलेली नाही अशी कार्डं होती, आणि ती आजही वैध आहेत.

मग ओळखीतल्या व्यक्तीनं असं का सांगितलं? कारण काही वर्षांपूर्वी ते बऱ्याच अंशी बरोबर होतं. कार्ड संपायला सहा महिन्यांहून कमी वेळ उरला असताना एन-४०० भरला, तर सोबत आय-९० हा कार्ड रिन्यू करण्याचा फॉर्मही भरा, असा यूएससीआयएसचा, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा, आग्रह असायचा. फी दोनदा, फॉर्म दोन, आणि कित्येकदा नवं कार्ड हातात पडेपर्यंत माणूस सिटिझन होऊन जायचा. १२ डिसेंबर २०२२ पासून हे बदललं. त्या दिवसापासून एन-४०० भरणाऱ्याला जी रिसीट नोटीस येते, तीच कार्डाची मुदत २४ महिन्यांनी वाढवते. जुनं कार्ड आणि ती नोटीस, दोन्ही मिळून वैध कार्ड. हा बदल होऊन इतका काळ लोटला तरी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर अजून जुनाच सल्ला फिरतो, आणि लोक विनाकारण पैसे घालवतात. आय-९० ऑनलाइन भरला तर ४१५ डॉलर, कागदावर भरला तर ४६५. एन-४०० ऑनलाइन ७१०, कागदावर ७६०. कुटुंबाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर एन-४०० ची फी ३८० डॉलरवर येते. सासूबाईंसाठी ही सवलत मिळते का, ते फॉर्म भरायच्या आधी जरूर बघा.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. हे २४ महिने कार्डावरच्या तारखेपासून मोजले जातात, अर्जाच्या तारखेपासून नाही. तुमचं कार्ड पाच महिन्यांपूर्वी संपलंय, म्हणजे आज अर्ज केलात तर साधारण एकोणीस महिने हातात राहतील. तेवढे बहुतेक पुरतात. पण ज्यांचं कार्ड संपून दोन वर्षं उलटून गेली आहेत त्यांना या नोटिशीचा काही उपयोग नाही. त्यांचा एन-४०० घेतला जाईल, इंटरव्ह्यूही होईल, फक्त मधल्या काळात दाखवायला वैध पुरावा नसेल. त्यांनी यूएससीआयएसच्या कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करून आय-५५१ चा शिक्का, म्हणजे कायम रहिवासाचा तात्पुरता पुरावा, मागावा. तो पासपोर्टवर मारून मिळतो, आणि पासपोर्टच संपलेला असेल तर आय-९४ च्या (देशात आल्याची नोंद असलेल्या) फॉर्मवर फोटोसकट देतात. २०२३ पासून तो पोस्टानंही घरी पाठवायला लागले आहेत.

रिसीट आली की तिची मूळ प्रत सांभाळा आणि एक प्रत कार्डाबरोबर जवळ ठेवा. हे मी उगाच सांगत नाही. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक ग्रीन कार्डधारकानं रहिवासाचा पुरावा जवळ बाळगला पाहिजे असा कायदा आहे, आणि त्यात दंड किंवा ३० दिवसांपर्यंत कैदेची तरतूद आहे. वर्षानुवर्षं याकडे कोणी फारसं लक्ष देत नव्हतं. २०२५ पासून वातावरण वेगळं आहे. म्हणून अर्ज आज-उद्या करत लांबवू नका. गेले पाच महिने तुमच्याकडे संपलेलं कार्ड आहे आणि त्याची मुदत वाढवणारा एकही कागद नाही. माझ्या मते तुमच्या प्रकरणात हीच एक दुखरी जागा आहे, आणि एन-४०० भरला की ती बरी होते.

नोकरीचं बोलायचं तर, तुमच्या ऑफिसातल्या एचआरनं ‘नवं कार्ड आणून दाखवा’ म्हटलं असेल तर त्यांना नम्रपणे सांगा की रुजू होताना एकदा ग्रीन कार्ड दाखवलेल्या माणसाचं कार्ड संपलं म्हणून आय-९ ची (नोकरीवर घेताना कामाचा हक्क तपासण्याच्या फॉर्मची) फेरतपासणी करायची नसते. यूएससीआयएसनं नोकरी देणाऱ्या मालकांसाठी काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेतच तसं लिहिलं आहे. वर्क परमिटवाल्यांची फेरतपासणी होते, ग्रीन कार्डवाल्यांची नाही. एचआरची माणसं या दोन्हींची गल्लत करतात. नवी नोकरी धरणार असाल तर जुनं कार्ड आणि एन-४०० ची नोटीस एकत्र दाखवता येते. किंवा ड्रायव्हिंग लायसन्स आणि कोणतंही बंधन न छापलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड द्या, ग्रीन कार्डाचा विषयच येत नाही. कोणता कागद द्यायचा हे तुम्ही ठरवायचं असतं, मालकानं नाही.

लायसन्स रिन्यू करताना खिडकीवरच्या माणसानं संपलेलं कार्ड पाहून मान हलवली तर वाद घालू नका. नोटीस पुढे करा आणि ‘सेव्ह’ प्रणालीत माझी नोंद तपासा असं सांगा. सरकारी खात्यांना परदेशी माणसाचं स्टेटस तपासायला ती प्रणाली आहे. उत्तर कधीकधी लगेच येत नाही, दोन-चार दिवस लागतात. म्हणून लायसन्स संपायच्या आठवड्यात जाऊ नका, वेळ हाताशी ठेवून जा.

एवढं सगळं असूनही काही जणांना मी आय-९० भरायला सांगतोच. ज्यांचं कार्ड हरवलंय त्यांना, कारण नोटीस मुदत वाढवते ती हातात असलेल्या कार्डाची. कार्डच नसेल तर वाढवणार काय? ज्यांच्या कार्डावर नाव किंवा जन्मतारीख चुकीची छापली आहे त्यांना. ज्यांना एवढ्यात सिटिझन व्हायचंच नाही, किंवा लांबच्या प्रवासांमुळे अजून पात्रता येत नाही त्यांना. आय-९० च्या रिसीटवर सध्या ३६ महिन्यांची वाढ मिळते. आणि ज्यांना कधी अटक झाली आहे, कोर्टात उभं राहावं लागलं आहे, मग ते प्रकरण कितीही जुनं असो आणि वकिलानं ‘मिटलं’ म्हणून सांगितलेलं असो, त्यांनी एन-४०० काय किंवा आय-९० काय, कोणताही फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला कोर्टाचे कागद दाखवावेत. दोन्ही फॉर्मांत बोटांचे ठसे जातात आणि जुनी फाइल उघडते. अशा प्रकरणात घाईनं भरलेल्या अर्जानं माणूस नागरिकत्वाऐवजी हद्दपारीच्या सुनावणीला जाऊन पोचतो.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी एक इशारा इथेच देतो. वर जे जे सांगितलं ते दहा वर्षांच्या कार्डाबद्दल आहे. लग्नाच्या आधारावर आलेल्यांना, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ग्रीन कार्ड मिळालं असेल तर, दोनच वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. कॅटेगरीच्या जागी सीआर-१ किंवा सीआर-६ असं काही दिसलं तर ते हेच कार्ड. त्याचं गणित पूर्ण वेगळं आहे. तिथे कार्डाची तारीख संपली की खरोखर स्टेटसच संपतं. संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे कार्डावरची शर्त काढण्याचा अर्ज, भरावाच लागतो. त्याच्या रिसीटवर ४८ महिन्यांची वाढ मिळते, आणि आय-७५१ चा निकाल लागल्याशिवाय एन-४०० मंजूर होत नाही. तारीख चुकली असेल तर उशिराचं सबळ कारण लेखी देऊन अर्ज करता येतो, पण ते काम एक दिवसही लांबणीवर टाकू नये. आपल्याकडच्या कितीतरी मुली लग्न करून इथे येतात आणि त्यांचे कागद सासरचे किंवा नवरा सांभाळतो. त्यांना मी नेहमी सांगतो, तुझं कार्ड तू स्वतः वाच, त्यावरची तारीख तू स्वतः लक्षात ठेव.

आता भारतीय पासपोर्ट. एन-४०० साठी वैध पासपोर्ट लागतो असं कुठेही लिहिलेलं नाही. इंटरव्ह्यूच्या पत्रात पासपोर्ट आणा असं असतं, आणि तिथेच म्हटलेलं असतं की मुदत संपलेले असले तरी आणा. त्यामुळे केवळ अर्जासाठी तुम्हाला पासपोर्ट रिन्यू करायची गरज नाही. तरीही तुम्ही तो करावा असं मी सुचवेन, आणि त्याचं कारण तुमच्या पत्रात आहे. तुमचे आई-वडील पुण्यात आहेत. अर्ज केल्यापासून शपथ होऊन अमेरिकन पासपोर्ट हातात येईपर्यंत काही महिने जातात, कधी वर्षही जातं. त्या काळात रात्री-अपरात्री फोन आला तर तुमच्याकडे विमानात बसायला कोणताच पासपोर्ट नसेल. भारतीय पासपोर्ट इथल्या कॉन्सुलेटकडून नवा व्हायला वेळ लागतो, आणि घरात कोणी अत्यवस्थ असताना तातडीच्या अपॉइंटमेंटसाठी धावपळ करणं म्हणजे काय असतं ते मी अनेक घरांत पाहिलं आहे. पासपोर्ट वर्षभरानं जमाच करायचा असला तरी मधल्या वर्षाची निश्चिंती त्या फीपेक्षा मोठी आहे. आणि भारतात गेलात तर परतीच्या विमानाच्या चेक-इनला जुनं कार्ड आणि मूळ नोटीस दोन्ही हँडबॅगेत हवीत, सुटकेसमध्ये नकोत. काउंटरवरच्या माणसाला ही मुदतवाढ माहीत असेलच असं नाही. यूएससीआयएसच्या पानाची एक छापील प्रत जवळ असली की त्याला वरिष्ठांकडे जाऊन विचारणं सोपं पडतं.

रिन्यू करताना जुना पासपोर्ट ‘रद्द’ शिक्का मारून परत देतात. तो टाकू नका. कपाटातल्या त्या जुन्या, कोपरे कापलेल्या पासपोर्टांना एन-४०० च्या कामात जेवढी किंमत आहे तेवढी दुसऱ्या कुठल्याच कागदाला नाही. फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतला देशाबाहेरचा प्रत्येक प्रवास विचारलेला असतो, निघाल्याची आणि परतल्याची तारीख, कोणते देश. लोक हे आठवणीनं भरतात, ‘दिवाळीला गेलो होतो, महिनाभर राहिलो’ अशा हिशोबानं. इंटरव्ह्यू घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे मात्र तुमच्या येण्या-जाण्याच्या सरकारी नोंदी असतात. मुंबई विमानतळाच्या इमिग्रेशनचे शिक्के बघून तारखा भरल्यात तर फरक पडत नाही. शिक्के पुसट असतील, किंवा पासपोर्टच गहाळ झाला असेल, तर ईमेलमधली जुनी तिकिटं शोधा, क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं काढा. तेही नसेल तर अमेरिकन सीमाशुल्क खात्याकडे माहितीच्या अधिकारात स्वतःच्या प्रवासनोंदी मागता येतात.

जुन्या पासपोर्टाचं दुसरं काम नावाचं आहे, आणि हे आपल्या बायकांना विशेष लागू पडतं. तुम्ही लिहिलंय की लग्नात तुमचं नावही बदललं आणि आडनावही. माहेरचा पासपोर्ट एका नावाचा, ग्रीन कार्ड दुसऱ्या नावाचं. वडिलांचं नाव जाऊन त्या जागी नवऱ्याचं नाव आलं, आणि पहिलं नावही वेगळं. अमेरिकन अधिकाऱ्याच्या डोळ्यांना या सरळसरळ दोन वेगळ्या बायका दिसतात. आडनाव बदललेलं त्याला कळतं, स्वतःचं नाव कसं बदललं हे कळत नाही. एन-४०० मध्ये ‘जन्मापासून वापरलेली इतर नावं’ असा रकाना आहे. तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहा, पदवीच्या प्रमाणपत्रावर स्पेलिंग वेगळं असेल तर तेही लिहा. सोबत लग्नाचं प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याचं राजपत्र काढलं असेल तर त्याची प्रत ठेवा. राजपत्र नसलं तरी घाबरू नका, माहेरच्या नावाचा जुना पासपोर्ट आणि लग्नाचं प्रमाणपत्र यांनी तो दुवा जुळतो. मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं. ते नोटरीकडून करायची सक्ती नाही. दोन्ही भाषा नीट येणाऱ्या कोणीही करून ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं खाली लिहून सही केली की चालतं. घरच्या माणसानं न करता ओळखीतल्या दुसऱ्या कोणी केलेलं बरं. आणि नाव पुन्हा माहेरचं करायचं मनात असेल तर एन-४०० मध्येच तशी विनंती करता येते, वेगळी फी पडत नाही. फक्त तेव्हा शपथ कोर्टात न्यायाधीशासमोर होते, त्याला थोडा जास्त वेळ लागू शकतो.

शपथविधीच्या दिवशी ग्रीन कार्ड परत द्यायचं असतं, संपलेलं असलं तरी. त्या क्षणापासून भारतीय नागरिकत्वही जातं, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ मध्ये तसं स्पष्ट आहे. तुमचं मन इथे अडखळत होतं हे मला कळतं, आणि ते अडखळणं चुकीचं नव्हतं. पण एकदा शपथ घेतली की भारतीय पासपोर्टावर प्रवास करायचा नाही. तो रिन्यू करायला तर चुकूनही द्यायचा नाही. नागरिकत्वाची माहिती लपवून पासपोर्ट घेणाऱ्याला पासपोर्ट कायद्यात किमान एक आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. शिक्षेची वेळ क्वचित येते, पण ओसीआयच्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाच्या) अर्जात अशी गोष्ट उघडी पडली की वर्षानुवर्षं प्रकरण लोंबकळतं. शपथेनंतर पासपोर्ट कॉन्सुलेटकडे पाठवून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. १ जून २०१० नंतर सिटिझन झालेल्या सगळ्यांना ते लागतं. ‘पासपोर्ट तर संपलाच आहे, मग सरेंडर कशाला’ असा प्रश्न मला नेहमी येतो. संपलेला असला तरी सरेंडर करावाच लागतो, त्याशिवाय ओसीआय मिळत नाही.

मुलीची गोष्ट सगळ्यात आनंदाची, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अठरा वर्षांखालचं मूल ग्रीन कार्डावर असेल, अमेरिकेत राहत असेल, आणि ज्या आई किंवा बापाच्या ताब्यात ते राहतं ते सिटिझन झाले, तर मूल त्याच क्षणी आपोआप सिटिझन होतं. २००१ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेला हा कायदा आहे. यात मुलाला अर्ज करावा लागत नाही, परीक्षा नाही, इंटरव्ह्यू नाही. तुमच्या पतींनी शपथ घेतली तेव्हा मुलगी तेरा वर्षांची होती, तुमच्या दोघांबरोबर एकाच घरात राहत होती, तिचं कार्ड त्या वेळी वैध होतं. म्हणजे त्याच दिवशी ती सिटिझन झाली. चौदा वर्षांची झाल्यावर तिचं कार्ड बदलायचं राहिलं म्हणून तुम्ही स्वतःला दोष देताय, पण तेव्हा ती ग्रीन कार्डधारक उरलेलीच नव्हती. आता करायचं ते एवढंच की पुरावा हातात घ्यायचा. तिच्या अमेरिकन पासपोर्टसाठी अर्ज करा. सोबत तिचा पुण्याचा जन्मदाखला, तुमचं लग्नाचं प्रमाणपत्र, पतींचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट आणि तिचं ते संपलेलं ग्रीन कार्ड द्या. कार्ड संपलेलं चालतं, कारण ती कायमची रहिवासी होती एवढंच त्यातून सिद्ध करायचं असतं. मूळ कागद परत येतात, तरी पाठवण्याआधी सगळ्यांच्या रंगीत प्रती काढून ठेवा.

पुढेमागे तिच्यासाठी एन-६०० भरून नागरिकत्वाचं प्रमाणपत्रही घ्या असं मी आग्रहानं सांगेन. त्याची फी १३०० डॉलरच्या वर आहे, म्हणून लोक टाळतात, आणि लगेच नाही घेतलं तरी हरकत नाही. पण पासपोर्टला मुदत असते, त्या प्रमाणपत्राला नसते. तिशीत पोचलेली मुलं माझ्याकडे येतात, बापाचं सर्टिफिकेट सापडत नाही, आई-वडिलांचा घटस्फोट झालाय, मूल कोणाच्या ताब्यात होतं याचे कागद नाहीत, आणि मग तेव्हाचं घर, तेव्हाची शाळा सिद्ध करत बसावं लागतं. आज तुमच्या घरात सगळे कागद आहेत आणि सगळी माणसंही आहेत. तिचा भारतीय पासपोर्टही सरेंडर करायचा आहे, तो तुमच्याबरोबरच करून टाका.

आता सासूबाई. वय ६५ च्या वर आणि ग्रीन कार्डावर एकूण २० वर्षं झालेली, त्यामुळे त्यांना मोठी सवलत आहे. इंग्रजी लिहिण्या-वाचण्याची परीक्षा नाही. नागरिकशास्त्राचे प्रश्न मराठीत, दुभाष्यामार्फत. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. तुम्हाला ते द्यावं लागेल. सासूबाईंना मात्र निवडक २० प्रश्नांचीच तयारी करायची आहे. त्यातले १० विचारतात आणि ६ बरोबर आले की झालं. ते २० प्रश्न मराठीत लिहून द्या, रोज चहाच्या वेळी दोन-दोन विचारा. या वयाची माणसं पाठांतरात आपल्यापेक्षा कितीतरी पक्की असतात. फॉर्ममधल्या प्रश्नांची उत्तरंही त्या मराठीतच देतील. दुभाषी तुम्ही आणायचा असतो, आणि तो शक्यतो घरचा नसावा.

त्यांच्या जन्मतारखेबद्दलही तुम्ही विचारलं आहे. कागदावर १ जून आहे आणि घरी वाढदिवस आषाढात होतो. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनचा आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. ग्रीन कार्डावर आणि सगळ्या पासपोर्टांवर १ जूनच असेल तर इंटरव्ह्यूलाही तीच त्यांची जन्मतारीख. त्यांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर ‘खरी तारीख वेगळी आहे’ असं त्या प्रामाणिकपणे बोलून जातील आणि दुभाषी ते जसंच्या तसं सांगेल. जन्मदाखला एन-४०० साठी मागत नाहीत.

त्यांच्या कार्डाला अजून चार महिने आहेत. आता अर्ज केला तरी नोटिशीतून २४ महिने मिळतील, तेव्हा आय-९० चे पैसे भरू नका. मात्र तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय, ‘दोन वर्षांपूर्वी मामा आजारी होते तेव्हा त्या बरेच महिने पुण्यात होत्या.’ मला सगळ्यात काळजी वाटते ती या वाक्याची. संपत आलेल्या कार्डापेक्षा हे किती तरी महत्त्वाचं आहे. एका प्रवासात सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्या असतील, तर सलग रहिवास तुटला असं अधिकारी गृहीत धरतो आणि तसं झालेलं नाही हे आपण दाखवायचं असतं. त्यांची खोली इथेच होती, औषधोपचार इथले चालू होते, टॅक्स रिटर्न इथे भरला, भावाच्या हॉस्पिटलचे कागद आहेत, अशा पुराव्यांनी ते दाखवता येतं. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं असेल तर रहिवास तुटलाच, मग परत आल्यापासून चार वर्षं आणि एक दिवस थांबून अर्ज करावा लागतो. त्या परिस्थितीत त्यांच्यासाठी आधी आय-९० भरायचा, आणि एन-४०० तोवर बाजूला ठेवायचा. पाच वर्षांपैकी एकूण ३० महिने त्या प्रत्यक्ष अमेरिकेत होत्या का, हेही मोजावं लागेल.

तेव्हा त्यांचे जुने-नवे सगळे पासपोर्ट काढा, मुंबईहून निघाल्याचे आणि तिथे उतरल्याचे शिक्के बघून गेल्या पाच वर्षांतल्या तारखा एका कागदावर लिहा आणि मला कळवा. तुमचा स्वतःचा एन-४०० त्यासाठी थांबवू नका, तो या आठवड्यातच भरा.